बैलगाडीची धाव आणि एमजीचं मडगार्ड

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, चार-दोन ठिकाणी अर्धवट वाक्यं तेवढी पुरी केली.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर बोलणार आहेत, इंजिनिअर बोलणार आहेत, तहसीलदार बोलणार आहेत. तू बोललास तर जरा वेगळं होईल." वेगळं म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. आपल्या तुकडीत गणितात दांडी उडालेले आम्ही सातजण होतो. सहाजण ऑक्टोबरला सुटले. सातव्यानं ऑक्टोबरचा फॉर्मच भरला नाही, तो तुमच्यासमोर उभा आहे. याआधी तीन वेळा मेळावा झाला आणि तिन्ही वेळा मी काम आहे म्हणून कळवलं. काम होतंच, खोटं नव्हतं. पण न येण्याचं कारण ते नव्हतं.

मी पुण्यात जुन्या मोटारींचा पत्रा बनवतो. गॅरेजमध्ये डेंटिंग म्हणतात ते नव्हे. म्हणजे तेही केलंय, बरीच वर्षं केलंय. पण आता माझ्याकडं ज्या गाड्या येतात त्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या. दोन माणसं बसतील अशा, छत कापडाचं, पळायला हलक्या, ज्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. दार सडलं तर दार बनवायचं. मडगार्ड गेलं तर सपाट पत्रा घ्यायचा आणि त्यातून मडगार्ड उठवायचं. साचा नाही, प्रेस नाही. हातोडी, लाकडी मोगरी, वाळूची पिशवी आणि हात.

आपल्याकडं लहानपणापासून एक म्हण ऐकत आलोय, "जगात जर्मनी, भारतात परभणी." पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी परभणी जिल्हा म्हटलं की समोरचा ही म्हण मला ऐकवतोच, जणू मला माहीतच नाही. मग मी त्यांना सांगतो, तुमची ती प्रसिद्ध जर्मन पोर्शे आहे ना, तिच्या पहिल्या पन्नासएक गाड्या जर्मनीत झाल्याच नाहीत. १९४८ च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड नावाच्या लहानशा गावात, जुन्या लाकूड कारखान्याच्या शेडमध्ये त्या झाल्या. लाकडाचा ठोकळा करायचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून आकार आणायचा. आणि ॲल्युमिनियमला आपल्या घरातल्या बाया काय म्हणतात? जर्मल. जर्मलचं पातेलं, जर्मलचा डबा. म्हणजे जर्मनी आपल्या चुलीवर केव्हाचीच होती.

असो. मला मुळात सांगायचंय ते धावेबद्दल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मागं बसलेल्या पोरांनी पाहिली नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बैलगाडीचं जुनं लाकडी चाक बाभळीचं असायचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरून लाकडाचाच गोल. हे काम सुताराचं. पण नुसतं लाकूड आपल्या काळ्या रानात आणि दगडाच्या वाटेवर टिकत नाही, म्हणून त्याला बाहेरून लोखंडी पट्टीचं कडं चढवायचं. ती धाव. ते काम लोहाराचं, म्हणजे आमच्या आबांचं.

गंमत अशी की ती धाव चाकापेक्षा लहान करायची. मापाची केली तर चार दिवसांत निघून पडेल. आबा चाकाच्या कडेनं सुतळी फिरवायचे, एक गाठ मारायचे आणि त्या गाठीच्या आत बोट ठेवून पट्टीवर खूण करायचे. किती आत, हे चाक बघून ठरायचं. पट्टी वाकवून, टोकं तापवून घणानं जोडली की कडं तयार. मग अंगणात गोवऱ्यांचं रिंगण रचून त्यात ते लालबुंद करायचं. तिघं-चौघं सांडश्या घेऊन ते उचलायचे, चाकावर ठेवायचे आणि ठोकून बसवायचे. लाकूड जळून धूर निघायचा, कधी जाळही व्हायचा. लगेच घागरीनं पाणी. चर्रर्र आवाज यायचा, आणि त्या आवाजाच्या आतून दुसरा एक आवाज यायचा, कट्‌, कट्‌, कट्‌. आरे तुंब्यात घट्ट बसल्याचा. आबा तो दुसरा आवाज ऐकायचे. एखादा आरा बोलला नाही की त्यांना कळायचं.

चाकाचा घेर साधारण बारा फूट धरा. तेवढी लोखंडी पट्टी लाल होईपर्यंत तापवली तर इंच-सव्वा इंच वाढते. निवली की तेवढीच आकसते. ही उदाहरणं आपल्याला नववीला होती, वर्तुळाचा परीघही होता. आबा ते अंगणात बोटानं करायचे आणि मी त्याच विषयात नापास झालो. सरांचा यात काही दोष नाही. फळ्यावरचा परीघ आणि आबांची सुतळी एकच आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

सातवी-आठवीपर्यंत बैलगाड्यांना टायर आले. ट्रकचे जुने टायर, लोखंडी आस, बेअरिंग. बैलांना सुख झालं, खरंच झालं, मी त्यावर काही बोलणार नाही. पण आमच्या अंगणातलं रिंगण बंद झालं. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तेवढ्या राहिल्या. ज्वारीच्या सुगीला खळ्यावरून येणारं बलुतंही आटत गेलं. आबा म्हणायचे, तू भात्यापाशी बसू नको, शाळेत जा, चिकट नोकरी बघ. चिकट म्हणजे न सुटणारी. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भाता पेटवला नाही. आठ दिवसांनी मी परभणीला येऊन गाडीत बसलो आणि पुण्याला गेलो.

पुण्यात नाना पेठेत मोटारीच्या सामानाच्या दुकानांची गर्दी आहे. तिथल्याच एका बोळात एका उस्तादांकडं मी लागलो. पहिली दीड वर्षं चहा आणणं, झाडणं आणि गाड्यांची जुनी लांबी खरवडणं. लांबी म्हणजे पुट्टी. आपल्या घराच्या भिंतीला दर दिवाळीला चुना देऊन जसे थर चढतात तशी जुन्या गाड्यांवर ती चढलेली असते. त्या काळात परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं. जी आधी येऊन राहिली होती तीच कशीबशी चालवायची. म्हणून एका गाडीत काय काय सापडायचं! दाराच्या आत तेलाच्या डब्याचा पत्रा. ॲम्बॅसॅडरच्या मडगार्डाचा तुकडा. एकदा तर लांबीच्या पाऊण इंच थराखाली बारदान निघालं. लोक त्याला जुगाड म्हणून कौतुक करतात. मला त्याचं फार कौतुक नाही. नाइलाज होता तोवर ठीक, पण आपण त्या नाइलाजाचा अभिमान धरून बसलो.

एक दिवस उस्ताद एका फियाटच्या छतावर काम करत होते. छतावर काहीतरी पडून पत्रा फुगला होता. असा फुगलेला पत्रा दाबला की आत जातो, सोडला की टक्‌ करून वर येतो, तेलाच्या डब्याच्या बुडासारखा. ठोकून तो बसत नाही, कारण ठोकलं की पत्रा आणखी पातळ होतो, आणखी पसरतो आणि जास्त फुगतो. उस्तादांनी गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल केला, मोगरीनं दोन हलके टोले दिले आणि ओलं फडकं दाबलं. चर्रर्र. असे पाच-सहा ठिपके. फुगवटा गेला, छत ताणलं गेलं.

माझ्या तोंडून निघालं, "धाव!"

उस्ताद म्हणाले, "क्या बोला?"

मी मोडक्या-तोडक्या हिंदीत सांगितलं. लाल झालं की लोखंड वाढतं. पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून ते जागच्या जागी दाटतं. निवलं की आकसतं आणि भोवतालचं सगळं ओढून घेतं. आमच्याकडं चाकाला असंच करतात. उस्ताद जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, उद्यापासून चहा दुसरा आणेल. त्या दिवशी माझ्या हातात पहिल्यांदा हातोडी आली.

आता पत्र्याला गोलाई कशी येते ते सांगतो. एका दिशेनं वाकवणं सोपं, वहीचा कागदही वाकतो. पण कागद तांब्यावर बसवून बघा, कडेला चुण्या पडतात. स्पोर्ट्स कारचं मडगार्ड दोन्ही दिशांनी गोल असतं, तांब्यासारखं. मग दोनच वाटा. एक तर मधला पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून ताणायचा, म्हणजे तो तिथं पातळ होतो. नाही तर कडेच्या चुण्या आत खाऊन टाकायच्या. मोदक करताना पारीला कळ्या पाडतात आणि त्या वर जुळवत नेतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की मोदकाच्या कळ्या दिसल्या तर सुगरणीचं कौतुक होतं आणि माझी एक कळी दिसली तर गाडी परत येते. चांगला कारागीर दोन्ही वाटा मिसळतो. कुठं ताणायचं, कुठं आकसवायचं, हे पत्र्याला हात लावून ठरतं.

उस्तादांनी मला एका पावसाळ्यात, गॅरेजला काम कमी असताना, कसबा पेठेत तांबट आळीत बसायला पाठवलं. पेशवाईत कोकणातून आलेली ही तांबट मंडळी. घागर, बंब, परात, सगळं हातानं ठोकलेलं. शेवटी छोट्या हातोडीनं सगळ्या अंगावर एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं तांबं कडक होतं आणि प्रत्येक ठोक्याचा चांदवा उजेडात चमकतो. ते ठोके दिसले पाहिजेत हीच त्यांची शान. आमचंही काम मठारण्याचंच, पण आमचे ठोके शेवटी एकमेकांत विरून गेले पाहिजेत. मी तिथं तांब्याचं काही शिकलो नाही. हातोडी जोरानं नाही, तालावर चालते, एवढं शिकलो. मनगट ढिलं. दिवसाला काही हजार ठोके पडतात. जोर लावणारा माणूस दुपारपर्यंत बसतो.

जर्मलची एक गोष्ट सांगून पुढं जातो. इंग्लंडची जॅग्वार कंपनी. तिचे मालक विल्यम लायन्स गाडीचा आकार कागदावर ठरवण्यापेक्षा पूर्ण मापाचा नमुना डोळ्यांसमोर उभा करून ठरवत. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी एक्सके १२० ही गाडी ठेवली. वाटलं होतं, थोड्याच विकल्या जातील, म्हणून पहिल्या २४० च्या आसपास गाड्यांचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियम ठोकून हातानं केला. मागणी एवढी आली की हात पुरेनात, आणि १९५० पासून प्रेसमधून निघणारा पोलादी पत्रा सुरू झाला. तरी बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. असं एक बॉनेट माझ्याकडं आलं. ॲल्युमिनियम ठोकलं की कडक होतं, मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम सांगत नाही. ६६० अंशाला ते वितळतं आणि तोवर दिसतं जसंच्या तसं. पहिल्या तुकड्याला मी भोक पाडलं. मग एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं, अरे, कपड्याचा साबण घास. पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची आणि मागून ज्योत फिरवायची. रेघ काळपट तपकिरी झाली की थांबायचं. इंग्लंड-अमेरिकेतले कारागीरही साबणच घासतात हे मला फार नंतर कळलं.

आता जे सांगायला आलोय ते सांगतो.

१९९९ ची गोष्ट. तोवर माझी स्वतःची शेड झाली होती, हाताखाली तिघं होते. मुंबईच्या एका डॉक्टरांची एमजी टीसी माझ्याकडं होती. १९४५ ते १९४९ या काळात या गाड्या झाल्या, एकूण दहा हजारच्या आसपास. लांब नाक, तारेच्या आऱ्यांची मोठी चाकं, वेगळी उठून दिसणारी मडगार्डं. आतला सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा, हातोड्याचे दांडे ज्याचे करतात ते. चिवट, धक्का सोसणारं, आपल्या बाभळीसारखं. त्या सांगाड्यावर पत्रा. सांगाडा वाळवीनं आणि पाण्यानं गेला होता. त्यासाठी मी एका सुताराला बोलावलं, आणि दोन महिने आम्ही दोघं त्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी उभे राहून भांडत होतो. तो म्हणायचा, पत्रा सरकव. मी म्हणायचो, लाकूड तास. आमच्या अंगणात आबा आणि गावचे सुतार असेच भांडायचे. साहेबांच्या देशातही हीच जोडी असणार. निजामाची ती पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात ठेवलीय, तिची बॉडी करणारी बार्कर कंपनी मुळात घोडागाड्या बनवणारी होती. म्हणजे सुतार आणि लोहारच.

डावं मडगार्ड मी नवं केलं. १८ गेजचा पत्रा, तीन तुकडे, गॅसनं जोडलेले. शेवटचा जोड देताना पत्रा ओढला गेला आणि सांध्याशेजारी तळहाताएवढी जागा खाली बसली. ती उचलायला तीन दिवस हवे होते. डॉक्टरांना गाडी रॅलीला न्यायची होती आणि तारीख ठरलेली होती. मी काय केलं? लांबी भरली. जाड नाही, वहीच्या दोन पुठ्ठ्यांएवढी. घासली, वर राखाडी प्रायमर मारला. उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली बघितली. काही दिसत नव्हतं. माझ्या कारागिरांनाही दिसलं नाही.

त्याच आठवड्यात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले होते. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं अंधुक. चौदा वर्षांत ते माझ्या शेडवर पहिल्यांदाच येत होते. पोरगा पुण्यात मोटारी ठोकतो एवढंच त्यांना माहीत. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. गाडीपाशी गेले आणि मडगार्डाच्या पुढच्या टोकापासून मागं तळहात फिरवत गेले, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी खुशीत होतो. हात सांध्यापाशी आला आणि थांबला. पुन्हा मागं घेतला. पुन्हा थांबला.

म्हणाले, "इथं काय भरलास रे?"

मी म्हटलं, "काही नाही आबा, रंगाचा हात आहे."

त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. आधी बाजूला, मग त्या जागेवर. माठ घेताना करतात तसं. "हितं बद वाजायलंय. आन्‌ ऊन लागायलंय. बाकीचं गार हाय."

उघडा पत्रा हाताची ऊब ओढून घेतो म्हणून गार लागतो. लांबी ओढत नाही. प्रायमरच्या पातळ थराखालूनही तो फरक त्यांच्या तळहाताला कळला. त्या दिवशी माझ्याकडं चौदा वर्षांचा अनुभव होता आणि ते मला कळलेलं नव्हतं, कारण मी डोळ्यांनी तपासत होतो.

पुढं काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. दहावीच्या निकालाच्या दिवशी जसे गप्प होते तसेच गप्प.

लांबीला मी पाप म्हणत नाही. कागदाएवढ्या पातळ थरावाचून कुठलीही गाडी रंगत नाही. जुन्या काळी कारखान्यातच सांध्यांवर कल्हई करून शिसं भरायचे. पण मडगार्ड गाडीबरोबर थरथरत असतं. जाड भरलेली लांबी दोन-तीन पावसाळ्यांत केसाएवढी तडकते, तडीतून पाणी आत जातं आणि खालचा पत्रा आतून गंजतो. वरून मात्र सगळं झकास. गाडी रॅलीत पळाली असती, फोटो निघाले असते, मला शाबासकी मिळाली असती. सडायला सुरुवात झाली असती ती माझ्याच हातानं केलेल्या पत्र्याला.

रात्री मी ते सगळं खरवडलं. सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की गाडी रॅलीला मिळणार नाही, आणि का मिळणार नाही तेही सांगितलं. ते फार रागावले. रागावणारच, त्यांनी पाहुणे बोलावले होते. गाडी तीन आठवड्यांनी गेली. त्यांनी माझे पैसे पूर्ण दिले, पण त्यांची दुसरी गाडी मला कधीच दिली नाही. त्या वर्षी शेडचं भाडं दोन महिने थकलं. त्या गाडीचं मडगार्ड अजून जसंच्या तसं आहे असं मध्यंतरी तिच्या नव्या मालकांकडून कळलं. आबा २००६ साली गेले. त्यांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मग भाडं कसं भरलास?"

आता नियमांचं थोडं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. मला ही अट आवडली. कारण आता मालकांना गाडी नव्यापेक्षा नवी हवी असते, आरशासारखी. मी त्यांना सांगतो, जुना पत्रा जेवढा वाचेल तेवढा वाचवू, सडला तेवढाच कापू. काहींना पटतं, काही दुसरीकडं जातात. कॉम्प्युटरवर मोजमाप घेऊन साचा काढणारी मुलंही आता आहेत. माझा भाचाच करतो. त्याच्यामुळं माझे पुठ्ठ्याचे नमुने कापण्याचे दिवस वाचतात. पण मडगार्ड शेवटी माझ्या पिशवीवरच येतं.

आणि इथंच माझी अडचण सुरू होते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी उघडत नाहीत, गरम पाण्यात धरून उघडावी लागतात. ते चालेल, दहा वाजेपर्यंत उघडतात. पण चाळीस वर्षं पत्र्यावर ठोकलं, त्या आवाजानं कान गेलेत. मला तुम्ही बोललेलं ऐकू येतं, पण बारीक आवाज गेलेत. बद वाजणं आणि खणखणीत वाजणं यातला फरक मला आता नीट कळत नाही. आबांनी पेरानं वाजवून जे ओळखलं ते मी आज ओळखू शकत नाही. शेडमधल्या एका पोराला उभं करतो आणि विचारतो, कसं वाजतंय? पोरांना सांगतो, कानात बोळे घाला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पोरांपैकी दोघं गेल्या वर्षी गेली, घरोघर सामान पोचवण्याच्या कामाला. तिथं पहिल्या महिन्यापासून पैसे मिळतात, माझ्याकडं हात बसायला चार वर्षं लागतात. मी त्यांना अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार? आबांनीही मला भात्यापाशी बसू दिलं नव्हतं.

म्हणून एक मागणं आहे. आपल्या शाळेत मागच्या बाजूला कार्यानुभवाची खोली होती, तिथं आता मोडकी बाकं ठेवलीत. सकाळी बघून आलो. मुख्याध्यापकांशी बोललो, त्यांची ना नाही. मी एक ऐरण, सहा हातोड्या, मोगऱ्या, वाळूच्या पिशव्या आणि पत्रा घेऊन आलोय, बाहेर टेम्पोत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस मी इथं येईन. कुणाला लोहार करायचं नाहीये. आठवी-नववीची पोरं, पोरीही, एक सपाट पत्रा घेतील आणि त्याची वाटी करतील. ती करताना परीघ काय असतो, धातू तापला की काय होतो, हे विज्ञानाच्या सरांनी तिथंच उभं राहून सांगावं. माझ्या वर्गातल्या इंजिनिअर मित्रांनी बाकं हलवायला आणि खोलीला वीज घ्यायला मदत करावी. पैसे नकोत, रविवारी दोन तास यावं. हातमोजे आणि कानातले बोळे तेवढे विकत घ्यावे लागतील. ते डॉक्टर मंडळींनी बघावं.

जेवणाला अजून वेळ आहे असं आचारी सांगून गेलाय. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला चादरीखाली एक मडगार्ड ठेवलंय, राखाडी प्रायमर मारलेलं. त्यात एका जागी मी मुद्दाम लांबी भरलीय, वहीच्या दोन पुठ्ठ्यांएवढी. डोळे मिटून हात फिरवा, पेरानं वाजवा. मागं बसलेल्या पोरांनी आधी यावं, तुमचे कान चांगले आहेत. सापडली तर कुणाला सांगू नका, खडूनं खूण करून माझ्याकडं या.